स्पार्टाकस मागे का फिरला?

गेल्या सेमिस्टरला आम्हा टी.ई.च्या पोरांना 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाचा दोन दिवसांचा डोस पाजण्यात आला. प्लेसमेंटच्या आधी तो सगळ्यांनाच घ्यावा लागतो. अटेंडन्स कंपल्सरी, सबब ऑडिटोरियम फुल्ल! दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं सेशन होतं. निम्मी जनता झोपलेली, उरलेली मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. तेवढ्यात स्क्रीनवर पिळदार दंडांचा, हातात तलवार घेतलेला एक गडी अवतरला आणि खाली अक्षरं आली, 'स्पार्टाकस : नेतृत्वाचे पाच धडे'.

मी ताडकन जागा झालो. दहावीच्या सुट्टीत गावातल्या वाचनालयात रोमवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं होतं, तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. त्यानंतर त्याच्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलो. एम-थ्रीचा अभ्यास जेवढा केला नाही तेवढा याचा केला आणि त्याचं फळही मिळालं, केटी लागली. असो.

तर पहिले चार धडे नेहमीचेच होते. पाचवा धडा होता 'ध्येय स्पष्ट ठेवा'. ट्रेनर सर म्हणाले, "आल्प्स समोर होता, रस्ता मोकळा होता, पलीकडे स्वातंत्र्य होतं. तरी हा माणूस मागे फिरला आणि संपला. का? कारण टीमला व्हिजन नव्हतं! आणि त्याला हरवणारा क्रॅसस? त्याच्याकडे डिसिप्लिन होतं. रिझल्ट कोणाला मिळाला?" मागून कोणीतरी "क्रॅससला" असं ओरडलं. टाळ्या. पुढची स्लाइड.

तेव्हा हात वर करून बोलायची माझी हिंमत झाली नाही. जेवणानंतरच्या सेशनला प्रश्न विचारणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून आता इथे लिहितोय. संपादक मंडळाने "कविता सोडून काहीही दे" अशी अटही घातली होती.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. स्पार्टाकस थ्रेसचा, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या बाजूचा. अपियन नावाचा इतिहासकार सांगतो, की तो एकेकाळी रोमनांच्याच सैन्यात होता, मग कैद झाला आणि विकला गेला. विकला कुठे, तर इटलीतल्या कापुआ शहरात, ग्लॅडिएटर तयार करण्याच्या आखाड्यात. आखाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल माती आणि हनुमानाची तसबीर येते, पण हा प्रकार निराळा. इथला पैलवान मालकाची मालमत्ता होता, रात्री कोंडून ठेवलेला. त्याने लोकांसमोर दुसऱ्याला मारायचं किंवा मरायचं. इ.स.पू. ७३ मध्ये तिथल्या सुमारे २०० जणांनी पळायचा बेत केला. बेत फुटला. तरी प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार ७८ जण निसटलेच. हत्यारं काय होती? स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया! (आमच्या मेसमधले सुरे घेऊन निघाले असते तर कापुआची वेससुद्धा ओलांडता आली नसती. त्याने बटाटा चिरत नाही.) वाटेत त्यांना ग्लॅडिएटरांची हत्यारं दुसऱ्या गावी नेणाऱ्या गाड्या सापडल्या, त्या लुटल्या आणि मंडळी जाऊन बसली व्हेसुव्हियसच्या डोंगरावर.

हाच तो व्हेसुव्हियस, ज्याने पुढे इ.स. ७९ मध्ये पाँपेई गाव गाडलं. तेव्हा मात्र तो शांत होता आणि वर रानद्राक्षांचे वेल माजलेले होते. क्लॉडियस ग्लाबर नावाचा अधिकारी ३,००० माणसं घेऊन आला आणि वर जाणारी एकमेव अरुंद वाट अडवून बसला. म्हटलं, उपाशी मरतील नाहीतर खाली येतील. वरच्यांनी काय केलं, तर ते वेल तोडून त्यांच्या शिड्या विणल्या आणि जिकडे सरळ कडा होता, जिकडे पहारा ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तिकडून एकेक करून उतरले. शेवटचा एकजण वर थांबला. त्याने सगळ्यांची हत्यारं खाली सोडली आणि मग तो उतरला. ग्लाबरची फौज मागून घेरली गेली आणि पळत सुटली.

त्या शेवटच्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. नेतृत्वाच्या पाच धड्यांत तो बसतही नाही. मला मात्र सगळ्या कथेत तोच जास्त आठवतो. विचार करा, खाली सगळे सुखरूप, तुम्ही एकटे वर, समोरून रोमन येऊ शकतात, आणि तुम्ही शांतपणे एकेक गठ्ठा दोराने खाली सोडताय!

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे वर्कशॉपकडे येतो. फर्स्ट इयरला स्मिथी शॉपमध्ये एक सळई तापवून, ठोकून तिचा हूक करताना आपली काय अवस्था झाली होती ते आठवा. दोन प्रॅक्टिकल, चार फोड आणि जर्नलवर 'रिपीट' चा शेरा. या लोकांनी एका हिवाळ्यात हजारोंच्या फौजेची शस्त्रं बनवली. फ्लोरस नावाचा लेखक सांगतो, की गुलामांच्या कोठड्यांमधलं लोखंड वितळवून, घडवून त्यांनी तलवारी आणि भाले केले. ढाली वेताच्या विणल्या आणि त्यावर जनावरांची कातडी चढवली. दक्षिणेत थुरी शहराजवळ त्यांचा मुक्काम होता तेव्हा व्यापारी माल घेऊन यायचे. अपियन म्हणतो, स्पार्टाकसने सोनं-चांदी छावणीत आणायला बंदी घातली होती. घ्यायचं ते लोखंड आणि तांबं. लूट सगळ्यांत सारखी वाटायची. हे सगळं लिहिणारे त्याचे मित्र नव्हते, बरं का. शत्रूच्या बाजूच्या माणसांनी लिहिलेलं हे आहे.

माणसं येत गेली. गुराखी, मेंढपाळ, शेतावरचे मजूर. अपियनच्या आकड्यांप्रमाणे पुढे ती १,२०,००० पर्यंत गेली. जुन्या इतिहासकारांचे आकडे जरा चिमटीत धरूनच घ्यावेत, पण शून्य एखादं कमी केलं तरी ती छोटी गोष्ट नाही. ही माणसं का आली, हा प्रश्न ट्रेनर सरांच्या स्लाइडवर नव्हता. जणू स्पार्टाकसने सही करून ऑफर लेटरं वाटली होती!

ती आली, कारण ती कोण होती ते बघा. व्हॅरो नावाच्या रोमन विद्वानाने शेतीवर पुस्तक लिहिलंय. त्यात तो शेतीच्या साधनांचे तीन वर्ग पाडतो. मुकी अवजारं, म्हणजे गाड्या वगैरे. आवाज करणारी, पण शब्द न बोलणारी, म्हणजे बैल. आणि बोलणारी अवजारं, म्हणजे गुलाम. त्याच्या आधीचा केटो तर सल्लाच देतो, की म्हातारे बैल, जुनी अवजारं आणि म्हातारे, आजारी गुलाम विकून टाकावेत. आपल्या भाषेत स्क्रॅप. आणि हा केटो म्हणजे कुणी गुंड नव्हे, रोममधला अत्यंत सज्जन, साधा, शिस्तीचा म्हणून नावाजलेला माणूस!

शिवाय हे पहिल्यांदा घडत नव्हतं. सिसिली बेटावर त्याआधी दोनदा मोठे उठाव झाले होते, इ.स.पू. १३५ ते १३२ आणि मग १०४ ते १००. पहिल्या उठावातली एक हकीकत डायोडोरसने दिली आहे. एन्ना गावात डामोफिलस नावाचा जमीनदार होता. अंगावर कपडा नाही म्हणून त्याचे गुलाम त्याच्याकडे मागायला गेले. तो म्हणाला, रस्त्याने जाणारे वाटसरू काय उघडे फिरतात? म्हणजे जा, लुटा आणि घाला. आणि वर फटके. हीच माणसं उठली तेव्हा त्यांनी डामोफिलसला मारलं, त्याच्या क्रूर बायकोलाही सोडलं नाही. पण त्यांची मुलगी होती, ती गुलामांशी मायेने वागायची, मार खाल्लेल्यांना मलमपट्टी करायची. तिच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. निवडक माणसं सोबत देऊन तिला कटाना शहरात नातेवाइकांकडे नेऊन पोचवलं. आजूबाजूला कत्तल चालू असताना! मला वाटतं, बोलणारी अवजारं काय काय लक्षात ठेवत असतात, याची व्हॅरोला कल्पना नसावी.

आता येऊ आल्प्सकडे.

इ.स.पू. ७२ मध्ये स्पार्टाकसची फौज इटली पालथी घालत उत्तरेला गेली. वाटेत दोन्ही कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, त्यांनी हरवले. क्रिक्सस नावाचा गॉल सहकारी मात्र वेगळा झाला होता, तो गार्गानस डोंगराजवळ आपल्या माणसांसह मारला गेला. पुढे मुतिना शहरापाशी तिथल्या रोमन गव्हर्नरचीही १०,००० ची फौज मोडली. मुतिना म्हणजे आजचं मोदेना. मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल, फेरारीचा कारखाना जवळच आहे. आता उत्तरेला अडवायला कोणी नव्हतं. आणि इथून ही सगळी मंडळी पुन्हा दक्षिणेकडे वळली.

माझा रूमपार्टनर म्हणतो, "वेडेपणा, दुसरं काय?" त्याने फक्त १९६० चा कर्क डग्लसचा सिनेमा पाहिलाय. गंमत म्हणजे त्या सिनेमात आल्प्सचा प्रसंगच नाही. तिथे मंडळी सरळ दक्षिणेला जहाजं गाठायला निघतात. स्पार्टाकस शेवटी क्रुसावर मरतो, हेही सिनेमातलंच. खरा स्पार्टाकस लढाईत पडला. तर सिनेमावाल्यांनाही हे मागे फिरणं झेपलं नाही. नायकाने असं करून कसं चालेल?

प्लुटार्क जे सांगतो ते असं. स्पार्टाकसला आल्प्स ओलांडून ज्याला त्याला आपापल्या मुलखात, थ्रेसला नाहीतर गॉलला, पाठवायचं होतं. पण लोकांनी त्याचं ऐकलं नाही. त्यांना आपल्या संख्येचा आणि जयाचा गर्व झाला होता, ते इटली लुटत फिरले. झालं! यावरूनच आपला पाचवा धडा तयार.

पण मला सांगा, 'आपापला मुलूख' म्हणजे कोणता? शेतावरच्या, गुरांमागच्या या माणसांत कितीजण इटलीतच गुलामीत जन्मले असतील! त्यांचं घर कुठे होतं? आणि ज्यांना घर होतं त्यांचं काय? आल्प्सपलीकडे दक्षिण गॉलचा पट्टा तेव्हा रोमचाच प्रांत होता. थ्रेसमध्ये तर नेमक्या त्याच सुमाराला मार्कस लुकुलस नावाचा रोमन सेनापती चढाई करत होता. म्हणजे स्पार्टाकस घरी पोचला असता तर दारात पुन्हा रोमनच उभे. पलीकडे स्वातंत्र्य होतं, हे म्हणायला सोपं आहे. स्क्रीनवर बाण काढला की झालं. खरं म्हणजे रोम नसलेली जागा शोधायला बरंच लांब जावं लागलं असतं, तेही बायकामाणसांना आणि जखमींना घेऊन, बर्फाच्या डोंगरातून, भाकरीची सोय नसताना. उलट मागे काय होतं? ओळखीचा मुलूख, भरलेली कोठारं आणि दरवेळी हरलेला शत्रू.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्लुटार्क 'ऐकलं नाही' असं म्हणतो ते दोष दाखवण्यासाठी. पण जी माणसं जन्मभर फक्त ऐकतच आली, ती आता एका माणसाचं 'ऐकत नव्हती'. स्पार्टाकस त्यांना फटके मारून आल्प्सवर चढवू शकत नव्हता. चढवलं असतं तर मग कापुआच्या मालकात आणि त्याच्यात फरक काय राहिला असता? ट्रेनर सर याला 'टीम' म्हणतात. टीमला निघून जाता येत असेल, भांडता येत असेल, चुकता येत असेल तरच ती टीम. ही लाखभर माणसं भांडली, दोनदा-तीनदा फुटली, बहुधा चुकलीही. त्यांचा तो निर्णय चुकीचा होता असं मीही म्हणेन. पण तो त्यांचा होता.

इथे रूमपार्टनर उठून बसला आणि म्हणाला, "आणि म्हणून सगळे मेले. काय मिळालं?" याला माझ्याकडे चोख उत्तर नाही, हे कबूल करतो. आणखी एक कबुली. हे लोक देवदूत नव्हते. सॅलस्टच्या इतिहासाचे जे तुकडे उरलेत त्यात त्यांनी गावांमध्ये केलेले अत्याचार आहेत, स्पार्टाकस अडवत असतानाही केलेले. आणि खुद्द स्पार्टाकसने क्रिक्ससच्या नावाने ३०० रोमन कैदी बळी दिले. कैद्यांना एकमेकांशी ग्लॅडिएटरांसारखं लढायला लावलं, असंही काही लेखक सांगतात. म्हणजे जो खेळ आपल्याला खेळायला लावला तोच त्यांना. वाचताना अंगावर काटा येतो आणि मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटतं. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटते.

"त्याने गुलामगिरी नष्ट करायचा विचार तरी केला होता का?" असा प्रश्न आमच्या एका सरांनी मला कॅन्टीनमध्ये विचारला होता. तसा कुठे पुरावा नाही. ॲरिस्टॉटलसारखा तत्त्ववेत्ता काही माणसं मुळातच गुलाम असतात असं मांडून गेला होता, तिथे कापुआच्या आखाड्यातल्या माणसाकडून जाहीरनाम्याची अपेक्षा करायची? जो बुडतोय तो आधी डोकं पाण्याबाहेर काढतो. पोहण्याचा सिद्धांत तो मांडत नाही म्हणून त्याचं धडपडणं कमी प्रतीचं ठरतं का?

बरं, आता क्रॅसस. 'डिसिप्लिन'वाला. रोममधला सर्वांत श्रीमंत माणूस. हा श्रीमंत कसा झाला ते आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांनी तर पाठच करून ठेवलं पाहिजे. रोममध्ये घरं खेटून खेटून, आगी सतत. सरकारी अग्निशामक दल तेव्हा नव्हतं. क्रॅससने काय केलं, तर वास्तुकार आणि बांधकाम कारागीर असलेले ५०० हून जास्त गुलाम विकत घेतले. मग आग लागली, की जळतं घर आणि त्याच्या शेजारची घरं मालकांकडून कवडीमोलाने घ्यायची, आणि आपल्या गुलामांकडून पुन्हा बांधायची. प्लुटार्क म्हणतो, रोमचा मोठा भाग अशाने त्याच्या मालकीचा झाला. गुलामांच्या शिक्षणावर तो स्वतः लक्ष ठेवायचा. ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट म्हणा ना!

या क्रॅससकडे इ.स.पू. ७२ च्या शेवटी युद्धाची सूत्रं आली. सुरुवातीलाच त्याच्या एका सरदाराची फौज मार खाऊन, हत्यारं टाकून पळाली. क्रॅससने पळण्यात पुढे असलेले ५०० जण वेगळे काढले, दहा-दहाचे ५० गट केले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून एकाला सगळ्या सैन्यादेखत ठार केलं. हे ते डिसिप्लिन. स्लाइडवर एका शब्दात मावतं.

स्पार्टाकस इटलीच्या टाचेच्या पुढे, बुटाच्या अगदी चवड्यापर्यंत गेला होता. समोर सिसिली, मध्ये चिंचोळी सामुद्रधुनी. समुद्री चाच्यांनी पैसे घेतले आणि जहाजं न देता पसार झाले. मागून क्रॅससने काय केलं? चवडाच तोडला! या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत खंदक आणि भिंत. प्लुटार्क देतो ती मापं ३०० स्टेडिया लांब, १५ फूट रुंद, १५ फूट खोल. म्हणजे ५५ किलोमीटर. सिव्हिलवाल्या मित्राला गणित करायला लावलं, तर खोदाम सुमारे ११ लाख घनमीटर निघालं. तो म्हणाला, "पोकलेन किती होते?" एकही नाही, हे ऐकून त्याने आकड्यावर विश्वास ठेवायला नकार दिला. त्याची शंका अगदीच चूक नसावी, बरेच अभ्यासकही हा आकडा फुगवलेला मानतात. पण काहीतरी बांधलं होतं हे नक्की दिसतं. २०२४ साली कॅलाब्रियातल्या दोस्सोने देल्ला मेलिआ या जंगलात २.७ किलोमीटर लांबीची दगडी भिंत आणि खंदक ओळखल्याचं पुरातत्त्व संशोधकांनी जाहीर केलं. तुटक्या तलवारी आणि भाल्यांची पातीही मिळाली. क्रॅससच्या कामाचाच तो भाग असावा असं त्यांचं म्हणणं आहे.

एका बर्फाळ, वादळी रात्री स्पार्टाकसने त्या खंदकाचा एक तुकडा माती, लाकडं, फांद्या टाकून बुजवला आणि फौज बाहेर काढली. बुजवायला एक रात्र पुरली. पण पुढे फार काळ निभलं नाही. एका लढाईत त्याच्या बाजूचे १२,३०० पडले. प्लुटार्क म्हणतो, त्यातल्या फक्त दोघांच्या पाठीवर जखमा होत्या, बाकी सगळे समोरून लढून मेले. इ.स.पू. ७१ मधल्या शेवटच्या लढाईआधी स्पार्टाकसपुढे त्याचा घोडा आणला, तो त्याने तिथेच मारला. जिंकलो तर शत्रूचे पुष्कळ घोडे मिळतील, हरलो तर घोडा लागणार नाही. मग तो क्रॅससच्या रोखाने घुसला, दोन सेंच्युरियन पाडले आणि पडला. त्याचं प्रेत सापडलं नाही.

जिवंत सापडलेल्या ६,००० जणांना कापुआ ते रोम रस्त्यावर क्रुसावर चढवलं. हा आकडा मी अनेकदा वाचला होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. एका रात्री सर्व्हेइंगचं सबमिशन करता करता कॅल्क्युलेटर हातात होता म्हणून भागाकार केला. अंतर सुमारे १९५ किलोमीटर. भागिले ६,०००. उत्तर आलं ३२.५ मीटर. दोन खांबांमधलं अंतर. कॉलेजच्या गेटपासून होस्टेलपर्यंत दिव्याचे खांब आहेत ना, ते साधारण तेवढ्याच अंतरावर आहेत, मी पावलं मोजून बघितलं. असे खांब पुण्यापासून साताऱ्याच्याही पुढे, कराड ओलांडून जाईपर्यंत, आणि प्रत्येकावर एक माणूस. हे ज्यांनी केलं त्यांच्याकडे मोजमापाची माणसं असणारच. कुणीतरी लाकडाचा अंदाज काढला असेल, खिळ्यांचा हिशोब ठेवला असेल, कामाची विभागणी केली असेल.

त्या रात्री सबमिशन झालं नाही.

क्रॅसस आणि पाँपी पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ७० मध्ये, कॉन्सल झाले. पाँपी तर शेवटी येऊन पळणाऱ्या ५,००० जणांना कापून "युद्धाचं मूळ मीच उपटलं" असं सेनेटला कळवून मोकळा झाला. (ग्रुप प्रोजेक्टमध्ये प्रेझेंटेशनच्या दिवशी उगवणारा मेंबर तुमच्याही ग्रुपमध्ये असेल.) पण मूळ उपटलं नव्हतं. थुरीच्या आसपास स्पार्टाकसच्या फौजेचे उरलेसुरले लोक इ.स.पू. ६० पर्यंत तग धरून होते. त्यांचा बंदोबस्त गायस ऑक्टेव्हियसने केला, सम्राट ऑगस्टसच्या वडिलांनी. म्हणजे सगळं संपल्यानंतरही दहाएक वर्षं काही माणसं त्या डोंगरात कुणाचीही मालमत्ता नसताना जगत होती. रूमपार्टनरच्या "काय मिळालं?" ला हे उत्तर मी देऊन बघितलं. तो "हं" म्हणाला.

या सगळ्यात गुलामांपैकी कुणाचंही एक वाक्य आपल्यापर्यंत आलेलं नाही. प्लुटार्कने हे लिहिलं ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, म्हणजे आज आपण १८५७ बद्दल लिहावं तसं, आणि तेही क्रॅससच्या चरित्रातलं एक प्रकरण म्हणून. स्पार्टाकसची बायको त्याच्याबरोबर पळाली होती, ती भविष्य सांगायची, एवढं तो नोंदवतो. नाव नोंदवत नाही. तेव्हा 'टीमला व्हिजन नव्हतं' हे आपण नेमकं कुणाच्या तोंडून ऐकतोय, याचा विचार व्हायला हवा होता. निदान जेवणाआधीच्या सेशनला तरी.

आणि हे लिहिता लिहिता एक गोष्ट मला खुपायला लागली. ट्रेनर सरांनी आम्हाला विचारलं होतं, तुम्हाला कोण व्हायचंय, स्पार्टाकस की क्रॅसस? पण त्या काळात जन्मलो असतो तर आपण दोघांपैकी कुणीच नसतो. आपण त्या पाचशेंमध्ये असतो. शिकलेले, कुशल, मालकाने स्वतः लक्ष घालून तयार केलेले, म्हणून बाजारात महाग. शेतावरच्या गुलामापेक्षा आपलं बरं चाललंय असं एकमेकांना सांगत आपण जळलेल्या घरांचे प्लॅन काढत बसलो असतो. इ.स.पू. ७१ मध्ये ते पाचशे काय करत होते, त्या रस्त्याने त्यांच्यापैकी कुणी गेलं का, बत्तीस-बत्तीस मीटरवर वर बघितलं का, की मान खाली घालून चालले?

हाच प्रश्न मी जुलैत विचारणार आहे. तेच सेशन पुढच्या बॅचला पुन्हा आहे, आणि केटीवाल्यांना मागे बसायची परवानगी आहे. काल रात्री रूमपार्टनरला प्रश्न वाचून दाखवला. त्याने हेडफोन काढला, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचशे होते ना? पॅकेज काय होतं त्यांचं?"